झेड स्क्वेअर प्लस सी

आज जरा एक्सेल उघडा. टार्गेटवाली शीट मिनिमाइज करा, बॉस मीटिंगमध्ये आहे ना हे एकदा बघून घ्या आणि नवी कोरी फाइल घ्या. दोन मिनिटांचं काम आहे.

पहिल्या सेलमध्ये शून्य टाका. खालच्या सेलमध्ये फॉर्म्युला : वरच्या सेलचा वर्ग, अधिक ०.२५. आता तो सेल कोपऱ्यात पकडून खाली ओढा. शंभर ओळी, दोनशे, हव्या तेवढ्या. ०.२५, मग ०.३१२५, मग ०.३४७... आकडा वाढतोय, पण कसा, तर रविवारी दुपारी जेवून आडवा झालेला माणूस उठतो तसा. ०.५ च्या जवळ जवळ सरकत राहतो, पण तिथं पोचत काही नाही. हजार ओळी ओढल्या तरी नाही.

आता ०.२५ खोडून ०.२६ करा. बस, एवढाच बदल. सुरुवातीला सगळं तसंच वाटतं. अकराव्या पावलाला ०.४९. बाराव्याला हळूच ०.५ ओलांडलं जातं. विसाव्याला ०.६०, पंचविसाव्याला ०.७८... आणि मग एकदम लिफ्ट! सत्ताविसाव्याला १ च्या वर, तिसाव्याला जवळपास ४, आणि चाळिसाव्या पावलापर्यंत एक्सेल हात टेकून सेलमध्ये एरर दाखवतं.

एक आकडा कायमचा घरी बसला, दुसरा अनंताकडे पळाला. नियम तोच होता. फरक होता ०.०१ चा.

या आठवड्याचा विषय हाच आहे. वर्ग करा, एक ठरलेला आकडा मिळवा, आलेल्या उत्तराचा पुन्हा वर्ग करा, पुन्हा तोच आकडा मिळवा. गणितवाले त्याला ‘झेड स्क्वेअर प्लस सी’ म्हणतात. झेड म्हणजे दर पावलाला बदलणारा आकडा, सी म्हणजे दर वेळी मिळवायचा तो. यातून जे चित्र निघतं ते तुम्ही नक्की पाहिलंय. आडवं पडलेलं काळं हृदय, त्याला चिकटलेला काळा गोल, त्याला आणखी छोटा गोल, कडेनं फोड आलेले आणि भोवती जांभळ्या-केशरी रंगांचा धुमाकूळ. स्क्रीनसेव्हरवर असतं, टी-शर्टवर असतं, झालंच तर ‘ब्रह्मांडाचं रहस्य’ छाप फॉरवर्डमध्ये असतं. त्याचं नाव मँडेलब्रॉट सेट. झूम करत गेलात तर आत नवी नक्षी, तिच्या आत आणखी नवी, आणि अधूनमधून तेच काळं हृदय छोटं होऊन पुन्हा हजर!

मी मास कॉमवाली. संमिश्र संख्या हा मला ‘ऑप्शनला टाकायचा धडा’ म्हणूनच माहीत होता. पण हे प्रकरण समजून घ्यायला त्या लागतात आणि खरं सांगू, त्या बिचाऱ्या काही वाईट नाहीत. शहराचा नकाशा डोळ्यांपुढे आणा. मध्यभागी स्टेशन, तो शून्य. साधे आकडे म्हणजे स्टेशनमधून जाणारा एकच पूर्व-पश्चिम रस्ता. पूर्वेला अधिक, पश्चिमेला उणे. संमिश्र संख्या म्हणजे अख्खं शहर. इतकं पूर्वेला आणि इतकं उत्तरेला असा पत्ता सांगितला की झाली एक संख्या. अशा पत्त्याचा वर्ग करायचा म्हणजे दोन गोष्टी : स्टेशनपासूनच्या अंतराचा वर्ग करायचा आणि पूर्वेपासून मोजलेला कोन दुप्पट करायचा.

अकरावीत ज्यानं छळलं तो ‘आय’ म्हणजे स्टेशनच्या सरळ उत्तरेला एक किलोमीटर. कोन नव्वद अंश. दुप्पट केला की एकशे ऐंशी, म्हणजे सरळ पश्चिमेला. अंतर एकच राहिलं. पोचलो उणे एकवर. ‘आयचा वर्ग उणे एक’ हे जे आपण न समजता घोकलं, ते एवढंच होतं. एक वळण!

आता आपलाच नियम या शहरात चालवा. सी म्हणून ‘आय’ घ्या आणि स्टेशनवरून निघा. पहिला स्टॉप एक किलोमीटर उत्तर. दुसरा एक पश्चिम, एक उत्तर. तिसरा एक दक्षिण. चौथा पुन्हा एक पश्चिम, एक उत्तर. मग पुन्हा दक्षिण. या दोन स्टॉपमध्ये गाडी आयुष्यभर शटल मारत बसते, शहराबाहेर कधीच जात नाही. सी म्हणून साधा १ घेतलात तर? ०, १, २, ५, २६, ६७७ आणि गेली गाडी! हिशेब अगदी सोपा करणारी एक गोष्ट सिद्ध झालेली आहे : स्टेशनवरून सुटलेली गाडी एकदा का दोन किलोमीटरच्या पलीकडे गेली, की ती परत येत नाही.

मँडेलब्रॉट सेट म्हणजे शहरातले ते सगळे पत्ते, जे सी म्हणून वापरले तर शून्यावरून निघालेली गाडी पळून जात नाही. ते काळे रंगवायचे. बाहेरचे रंग म्हणजे पळायला किती पावलं लागली त्याचा हिशेब. आपल्या ०.२६ ला दोनची वेस ओलांडायला तीस पावलं लागली, तर त्याला तीस नंबरचा रंग. म्हणजे पोस्टरवर ज्या रंगांवर आपण फिदा असतो ते सेटमध्ये नाहीतच. ते पळून गेलेल्यांचे रंग आहेत. आणि कोणता रंग लावायचा हे चित्र काढणाऱ्याच्या मर्जीवर. मला तर ती नुसती काळी-पांढरी जास्त आवडतात. रंगीत पोस्टर बघताना लक्ष रंगांवर जातं आणि कड बघायची राहून जाते. सगळी गंमत त्या कडेला आहे.

पण मी हा कॉलम चित्रासाठी नाही लिहीत. मला गाठलं ते ज्यांनी हे गणित केलं, त्यांनी. कारण त्यांनी ते चित्र पाहिलंच नव्हतं.

गास्ताँ ज्युलिया. (ज्युलिया हे आडनाव आहे, रॉबर्ट्सशी संबंध नाही.) जन्म १८९३, अल्जीरियात. पहिलं महायुद्ध पेटलं तेव्हा हा फ्रेंच सैन्यात अधिकारी. २५ जानेवारी १९१५ ला आघाडीवर गोळी थेट चेहऱ्यावर लागली. वय एकवीस. बोलता येत नव्हतं, तर त्यानं चिठ्ठीवर लिहून कळवलं की मला मागे हलवू नका. नाक गेलं ते गेलंच. ऑपरेशनं झाली, पुन्हा झाली, उपयोग झाला नाही. पुढं जन्मभर त्यानं चेहऱ्यावर चामड्याचा पट्टा बांधला. त्याचे फोटो आहेत : सूट, टाय, आणि चेहऱ्याच्या मधोमध काळा पट्टा. शुश्रूषा करणाऱ्या नर्सेसपैकी एकीशी, मारियान शोसाँशी, १९१८ मध्ये त्याचं लग्न झालं. ती संगीतकार एर्नेस्ट शोसाँ यांची मुलगी. पुढं त्यांना सहा मुलगे झाले.

हॉस्पिटलातल्या त्या काळात तो गणित करत होता. कोणतं? आपलंच. एखादा साधा नियम पुन्हा पुन्हा लावत गेलं तर शेवटी काय होतं? पॅरिसच्या विज्ञान अकादमीनं १९१५ मध्ये १९१८ च्या मोठ्या बक्षिसासाठी हाच विषय जाहीर केला होता.

ज्युलियाचा प्रश्न आपल्या मघाच्या प्रश्नाच्या उलट्या बाजूचा. सी पक्का ठरवून टाका आणि गाड्या शहरातल्या प्रत्येक पत्त्यावरून सोडा. कोण पळतं, कोण राहतं? सी शून्य असेल तर काम सोपं. ०.९ वरून निघा : ०.८१, ०.६५६१, ०.४३... विझत विझत शून्य. १.१ वरून निघा : १.२१, १.४६, २.१४, ४.५९, २१, ४४५... गेला. हद्द म्हणजे स्टेशनभोवती एक किलोमीटर त्रिज्येचं गोल गरगरीत वर्तुळ. पण सी शून्यावरून जरासा हलवा, की ती हद्द चुरगळते. कुठंही गुळगुळीत राहत नाही. भिंग लावा, सुरकुती. त्या सुरकुतीवर भिंग लावा, त्यात सुरकुत्या. सी आणखी लांब न्या, तर हद्द फुटून तिची नुसती धूळ होते, एकमेकींना कुठंच न चिकटलेल्या कणांची. आज या हद्दीला ज्युलिया सेट म्हणतात.

आता या गोष्टीतला दुसरा माणूस. पिएर फातू. पॅरिसच्या वेधशाळेत खगोलशास्त्राची नोकरी, तब्येत नाजूक, स्वभावानं शांत. म्हणजे नोकरी एक आणि वेड भलतंच, आपल्यापैकी निम्म्या लोकांसारखं. तोही याच प्रश्नावर काम करत होता आणि डिसेंबर १९१७ मध्ये त्यानं आपले निष्कर्ष अकादमीच्या पत्रिकेत छापून टाकले. ज्युलियानं लगेच अकादमीला पत्र धाडलं : हे माझ्याकडे आधीच आहे, मी सीलबंद लिफाफ्यांत तुमच्याकडे ठेवलेलं आहे, उघडून बघा. अकादमीनं लिफाफे उघडले. ज्युलिया बरोबर होता. १९१८ चं बक्षीस त्याला मिळालं आणि त्याचा १९९ पानांचा प्रबंध छापून आला. फातू स्पर्धेत उतरलाच नाही. त्यानं आपले मोठे लेख १९१९-२० मध्ये छापले आणि १९२९ मध्ये तो गेला.

अप्रेझलच्या सीझनमध्ये ही गोष्ट कोणाला सांगितली की लगेच विचारतात, मग खरं क्रेडिट कोणाचं? गणितवाल्यांनी त्यावर जी वाटणी केली ती मला फार आवडते. हद्द ज्युलियाच्या नावावर. आणि हद्दीव्यतिरिक्त जे उरतं, जिथं शेजारच्या दोन गाड्या साधारण एकाच दिशेनं जातात ती शांत जागा, ती फातू सेट. म्हणजे ज्यांचं भांडण झालं, ते दोघं आता प्रत्येक नकाशात एकमेकांना खेटून राहतात. धूळ होते म्हटलं ना, तीही फातूच्याच नावानं ओळखली जाते.

आता मुद्दा असा की, हे सगळं दोघांनीही न बघता केलं. कागद, पेन आणि तर्क. दोघांनी सिद्ध केलेली एक गोष्ट तर थक्क करणारी आहे. हद्द अखंड आहे की तिची धूळ झालीय हे ठरवायला शहरभर गाड्या सोडायची गरजच नाही. फक्त शून्यावरची एक गाडी सोडा. ती पळाली तर धूळ, राहिली तर अखंड. म्हणजे मँडेलब्रॉट सेटची किल्ली १९१८ मध्येच त्यांच्या हातात होती! दार मात्र पुढची साठ वर्षं बंद राहिलं, कारण ते उघडायला लागणारी आकडेमोड माणसाच्या आवाक्यातली नव्हती. साधा हिशेब बघा. शंभर बाय शंभर ठिपक्यांचं चित्र, प्रत्येक ठिपक्याला शंभर पावलं धरा, तर दहा लाख गुणाकार. मिनिटाला एक केलात तर न झोपता, न जेवता जवळजवळ दोन वर्षं. आणि शंभर बाय शंभरमध्ये दिसतं काय, तर एक ओबडधोबड काळा डाग. १९२५ मध्ये ह्यूबर्ट क्रेमर नावाच्या जर्मन गणितीनं एका ज्युलिया सेटचं हातानं रेखाटन केलं होतं. मग विषय बराच काळ थंड पडला.

बेन्वा मँडेलब्रॉट १९२४ मध्ये वॉर्सात जन्मला, १९३६ मध्ये ज्यू आईवडिलांबरोबर फ्रान्सला आला. त्याचे काका गणिताचे प्राध्यापक. त्यांनी पुतण्याला ज्युलियाचा तो जुना प्रबंध वाचायला सुचवला. पुतण्याला काही तो भावला नाही. नंतर एकोल पॉलिटेक्निकला ज्युलिया त्याला शिकवायलाही होते, तरी नाही. पुढं तो अमेरिकेत आयबीएममध्ये लागला, १९७५ मध्ये ‘फ्रॅक्टल’ हा शब्द त्यानंच घडवला. आणि १९७९-८० च्या सुमारास, आयबीएमच्या रिसर्च सेंटरमधले कॉम्प्युटर हाताशी असताना, तो त्या जुन्या प्रबंधाकडे परत आला. या वेळी वाचायला नाही, बघायला.

इथंही क्रेडिटचा घोळ आहेच. रॉबर्ट ब्रुक्स आणि पीटर मॅटेल्स्की या दोघांनी १९७८ मध्येच या आकृतीचा एक ढोबळ नकाशा प्रिंटरवर चांदण्या छापून काढला होता. तो छापून आला १९८१ मध्ये. पण ही आकृती खोदून काढायची जिद्द मँडेलब्रॉटची, हे मान्य करायला हवं. त्याचं नाव तिला दिलं ते आद्रियाँ दुआदी आणि जॉन हबर्ड या दोन गणितींनी.

गास्ताँ ज्युलिया मार्च १९७८ मध्ये वारले. पंच्याऐंशी वर्षांचे होते. मँडेलब्रॉटची चित्रं १९८० ची.

हे वाचल्यावर मी बराच वेळ गप्प होते. आपण प्रेझेंटेशन पाठवून दहा मिनिटांत रिप्लाय आला नाही तर कासावीस होतो. पण मग वाटलं, ज्युलियाची उगाच कीव करायला नको. त्यांना चित्र दिसलं नाही म्हणजे ‘दिसलं’ नाही असं थोडंच आहे? १९९ पानं लिहिणाऱ्याला आत काहीतरी दिसत असणारच. शिवाय डोळ्यांवर फार भरवसा ठेवू नये, हे पुढं लगेच सिद्धही झालं.

झालं असं. कॉम्प्युटरच्या चित्रांत मुख्य काळ्या आकृतीच्या आजूबाजूला सुटे ठिपके दिसायचे. जवळून बघितलं तर तो प्रत्येक ठिपका म्हणजे आकृतीची छोटी कॉपी. मँडेलब्रॉटनं आधी अंदाज बांधला की हा सेट तुटक आहे, मुख्य भूमी आणि भोवती बेटं. चित्रात तर तसंच दिसत होतं! मग आणखी बारकाईनं चित्रं काढल्यावर त्यानं मत फिरवलं : नाही, जोडलेला असावा. आणि १९८२ मध्ये दुआदी आणि हबर्ड यांनी रीतसर सिद्ध केलं की अख्खा सेट एकसंध आहे. ती बेटं बेटं नाहीतच. प्रत्येक बेटाला मुख्य भूमीशी जोडणारा धागा आहे, पण तो इतका बारीक, की कॉम्प्युटर ज्या ठिपक्यांवर हिशेब करतो त्यांच्या मधून तो निसटतो. यंत्राला न दिसलेला धागा सापडला तो पुन्हा कागद-पेनवाल्यांनाच. फातू हे वाचून नक्की हसला असता.

त्यानंतर ही आकृती स्टार झाली. ऑगस्ट १९८५ मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’च्या कव्हरवर आली, १९८६ मध्ये जर्मनीतल्या ब्रेमेनच्या पायटगेन आणि रिश्टर यांचं देखणं चित्रांचं पुस्तक आलं. मग घरोघरी पीसी आले आणि लोक रात्रभर मशीन चालू ठेवून सकाळी उठून एक चित्र बघायला लागले. आज तोच झूम मोबाइलवर बोटांनी होतो. मँडेलब्रॉट हे सगळं बघून २०१० मध्ये गेला. पण आकृती पूर्ण कळली असं समजू नका. ती एकसंध आहे हे कळलं, पण प्रत्येक ठिकाणी, कितीही जवळून बघितलं तरी तिथला छोटासा तुकडाही नीट जोडलेलाच असतो का, हे आजही सिद्ध झालेलं नाही. तिच्या क्षेत्रफळाचं नेमकं सूत्रही कोणाकडे नाही. अंदाजे १.५०६६ एवढं सांगता येतं. स्क्रीनसेव्हर म्हणून आपण जे बघून कंटाळलो, त्यावर लोक अजून डोकं फोडतायत.

राहता राहिली आपली एक्सेल शीट. बंद केली नसेल तर थोडं पुढं जाऊ. ०.२५ ही त्या काळ्या हृदयाच्या खाचेची अगदी कड. ०.२६ कडेच्या बाहेर, तीस पावलांत पळाला. आता ०.२६ ऐवजी ०.२५०१ टाका. कडेच्या आणखी जवळ. दोनच्या पलीकडे जायला आता ३१२ पावलं लागतील. ०.२५०००१ टाका, ३१४० पावलं. अजून दोन शून्यं वाढवा, ०.२५०००००१, तर ३१,४१४. (जुन्या एक्सेलला ६५,५३६ ओळी होत्या, त्यातही हे बसलं असतं. नव्यात दहा लाखांवर आहेत, तेव्हा बिनधास्त ओढा.)

३०, ३१२, ३१४०, ३१,४१४. काही आठवलं?

पाय. तोच तो ३.१४१५९. वर्तुळ काढलं नाही, कंपास हातात धरला नाही, नुसते वर्ग आणि बेरजा केल्या आणि पावलं मोजली. १९९१ मध्ये डेव्ह बोल नावाच्या माणसाला हे सहज सापडलं. तो खरं तर हृदय आणि गोल जिथं चिकटतात ती मान किती बारीक आहे हे तपासत होता, तिथं पहिल्यांदा पाय दिसला, म्हणून त्यानं ही खाचही तपासली. कारण कोणालाच लगेच कळेना. एरन क्लेबनॉफनं त्याची रीतसर सिद्धता छापली २००१ मध्ये. मी ती वाचायला घेतली होती, सध्या तिसऱ्या पानावर आहे.